कर्नलचा डबा

(पहाट. करवीर तालुक्यातलं एक गाव. दूध संस्थेच्या दारात किटल्यांची रांग.)

पहाटेचे पावणेसहा. म्हशी पिळून झाल्यात. वजनकाटा चालू आहे, फॅट काढायचं मशिन चालू आहे. अडलाय तो कॉम्प्युटर. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची भिंत उभी राहिलीय आणि तिच्या तळाशी एक ओळ: ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग.’ संस्थेचे सेक्रेटरी मुकाट्यानं वही काढतात.

रांगेतल्या आजी विचारतात, “काय झालं रं मशिनीला?”

“घाबरलंय आज्जी.”

भाषांतर अगदी बरोबर आहे. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या सिस्टीमचा गाभा आणि पॅनिक म्हणजे घाबरणं. का घाबरलंय, ते बघायला आपण कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊ.

(राजारामपुरीतली एक गल्ली. दुरुस्तीचं दुकान. टेबलावर तीन उघडी यंत्रं, वायरींचा गुंता, चहाचे दोन कप.)

या दुकानात दूध संस्थांची यंत्रं येतात. चालवणाऱ्यांना सगळे काका म्हणतात. हाताखाली पॉलिटेक्निक करून आलेली एक मुलगी आहे. टेबलावर डावीकडं जुना डेस्कटॉप, बायोसवाला; बायोस म्हणजे यंत्राला जागं करणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम. मधे डब्याएवढा मिनी पीसी, त्यात यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार. उजवीकडं तळहातावर मावेल असा रास्पबेरी पाय नावाचा कॉम्प्युटर, एआरएम जातीच्या प्रोसेसरचा. गावातून सकाळी आलेला रुग्ण तो हाच. तिन्हीवर लिनक्स ही सिस्टीम एकच, दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम एकच. चालू व्हायच्या तऱ्हा मात्र तीन.

यंत्र चालू करताना पहिल्यांदा जागं होतं ते बोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे बायोस, यूईएफआय यांच्यासारखा यंत्राबरोबरच येणारा प्रोग्रॅम. ते बूटलोडरला उठवतं, बूटलोडर कर्नलला मेमरीत आणून सोडतो. कर्नलला आता डिस्क वाचायची असते, कारण बाकीची सगळी सिस्टीम डिस्कवर आहे. डिस्क वाचायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम लागतो. आणि ड्रायव्हर असतो डिस्कवर! कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कुलूप लावल्यासारखं हे झालं.

यावरचा तोडगा म्हणजे इनिशियल रॅमडिस्क. दुकानाच्या भाषेत इनिटआरडी. गरजेपुरते ड्रायव्हर आणि चार हत्यारं एका गाठोड्यात बांधायची आणि ते गाठोडं कर्नलबरोबरच मेमरीत आणून ठेवायचं. १९९६ साली वर्नर आल्म्सबर्गर आणि हान्स लेर्मेन यांनी त्याचं टिपण लिहिलं तेव्हा ती खरोखरच मेमरीतली एक छोटी डिस्क होती. पुढं २.६ कर्नलच्या काळात तिची जागा सीपीआयओ नावाच्या साध्या गाठोड्यानं घेतली. कर्नल ते सोडतो, त्यातला ‘इनिट’ नावाचा प्रोग्रॅम चालवतो, तो खरी डिस्क शोधून देतो आणि बाजूला होतो. नाव मात्र जुनंच राहिलं. आपण नाही का अजून ‘रेडिओच्या दुकानात’ मोबाईल दुरुस्तीला देत?

गाठोड्यात काय घालायचं हा एक प्रश्न. ते कर्नलच्या हातात कसं द्यायचं हा दुसरा. बाहेरून दोन्ही बिघाड सारखेच दिसतात, म्हणून लोक गोंधळतात.

पहिल्याचं उदाहरण डावीकडचा डेस्कटॉप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून शाहूपुरीत शिरली, तेव्हा याच्या आधीचं यंत्र पाण्यात गेलं. डिस्क वाचली. काकांनी ती वाळवली, या डेस्कटॉपला जोडली, कर्नल सुरूही झाला आणि मधेच थांबून एक रिकामा प्रॉम्प्ट देऊन बसला. जागा वाचावी म्हणून इनिटआरडी बनवताना फक्त जुन्या बोर्डाचेच ड्रायव्हर घेतले होते. डबा वेळेवर आला होता, पण आत भाकरी दुसऱ्याच माणसाची. इनिटआरडी सगळ्या ड्रायव्हरांसकट पुन्हा बांधली, काम झालं. या जातीच्या बिघाडावर फार वेळ घालवायचं कारण नाही.

दुसरा प्रश्न जास्त रंगतदार आहे.

(मध्यवर्ती बसस्थानक. एसटीच्या टपावरून सामान उतरतंय.)

कोल्हापुरात शिकायला किंवा तालमीत राहिलेल्या कितीतरी पोरांचा डबा गावाकडून एसटीनं यायचा. आई पहाटे डबा गाडीत द्यायची. पण गाडी लागणार कुठं? एखादी रंकाळा स्टँडला, दुसरी कुठली संभाजीनगर स्टँडला, तिसरी सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला. एक कंडक्टर डबा चहाच्या गाड्यावर ठेवणार, दुसरा कंट्रोलरच्या खिडकीत, तिसरा नुसताच खांबाला अडकवणार. पोरगं कुस्तीत कितीही तयार असू दे, कुठली गाडी डबा कुठं ठेवते हे माहीत नसेल तर उपाशी.

कर्नलची गत हीच होती. त्याचा डबा म्हणजे इनिटआरडी. इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर कर्नलबरोबर माहितीचं एक ठरलेलं पान असतं. त्यात एका रकान्यात डब्याचा पत्ता, शेजारच्या रकान्यात डब्याचा आकार. रकाना चार बाइटचा, म्हणून पत्ता ४ जीबीच्या आतलाच. पुढं मेमरी वाढली तसे जादा रकाने चिकटवावे लागले. जुन्या ३२ बिटी एआरएमवर पानच नाही, चिठ्ठ्यांची माळ. त्यातली एक चिठ्ठी डब्याची. नंतर तिथं डिव्हाइस ट्री आला, म्हणजे बोर्डावर काय काय आहे त्याची यादी. त्यात डब्याची सुरुवात आणि डब्याचा शेवट लिहायचा. नीट ऐका: इंटेलकडं सुरुवात आणि लांबी, इकडं सुरुवात आणि शेवट. शिवाय ६४ बिटी एआरएमची अट अशी, की डबा आणि कर्नल ३२ जीबीच्या एकाच खिडकीत बसले पाहिजेत. प्रत्येक बूटलोडरनं प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचा हा पाढा पाठ करायचा. एक ओळ चुकली की उपास.

यू-बूट नावाचा बूटलोडर वापरणाऱ्यांना विचारा. तिथं हातानं हुकूम देताना इनिटआरडीच्या पत्त्यापुढं विसर्गासारखी दोन टिंबं द्यायची आणि आकार लिहायचा. आकार विसरला की ‘राँग रॅमडिस्क इमेज फॉरमॅट’. फॉरमॅट व्यवस्थित असतो, चुकलेलो असतो आपण. आणि माणूस तासभर फाईल तपासत बसतो.

(टेबल. मुलगी रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड वाचून बघतेय.)

“काका, फाईल तर आहे की कार्डावर.”

“फाईल असंल गं. पोचली काय?”

“मी बघतो थांबा.”

(कोल्हापूरच्या मुली ‘मी बघतो’, ‘मी जातो’ म्हणतात. बाहेरच्यांनी दचकू नये.)

या बोर्डाचं फर्मवेअर कार्डावरची एक साधी मजकुराची फाईल वाचून चालतं. तिच्यात बहुतेक ओळींना मधे बरोबरचं चिन्ह लागतं. इनिटआरडीची ओळ मात्र वेगळी: तिथं चिन्ह द्यायचं नाही, नुसती मोकळी जागा सोडायची. मागच्या आठवड्यात फाईल नीटनेटकी करताना मुलीनं तिथंही बरोबरचं चिन्ह घातलं. ओळ वाया गेली. कर्नल डब्याशिवाय उठला, डिस्कची खूण हातात, पण ती ओळखणारं कुणी नाही. घाबरणारच.

चिन्ह काढलं, बोर्ड चालू झाला. काका खूश नाहीत. “आज ह्याचं चिन्ह, उद्या त्याचं टिंब. किती लक्षात ठिवायचं?”

मधल्या मिनी पीसीचं आणखी निराळं. यूईएफआयवर लिनक्सच्या फाईलीतच एक छोटा तुकडा असतो, त्याला स्टब म्हणतात. त्याच्या जोरावर फर्मवेअर कर्नललाच प्रोग्रॅमसारखं चालवू शकतं. इनिटआरडीचं नाव कर्नलच्या हुकूमओळीत (कमांड लाइनमध्ये) लिहिलं की स्टब ती स्वतः उचलतो. पण कर्नल ज्या व्हॉल्यूमवर, त्याच व्हॉल्यूमवरून! नेटवर्कवरून आणायची असेल, दुसऱ्या पार्टिशनवर असेल, तर या वाटेचा उपयोग शून्य.

२०२० मध्ये लिनक्समध्ये यावर एक उपाय आला. लिनक्समधल्या ईएफआय भागाचं काम बघणारे आर्ड बिशुव्हेल यांनी तो लिहिला. मला त्यातली उलटापालट आवडते. तोवर बूटलोडर डबा कुठंतरी ठेवायचा आणि कर्नलला जागा सांगायचा. आता कर्नलच मागतो. यूईएफआयच्या नियमांत ‘लोड फाईल २’ नावाचा एक करार आधीपासून होता: ‘मला फाईल दे’ म्हणायची एक पद्धत. त्याला १२८ बिटांची एक कायमची खूण जोडली, ५५६८ या आकड्यांनी सुरू होणारी. बूटलोडरनं एवढंच करायचं: या खुणेची खिडकी उघडून बसायचं.

कर्नलचा स्टब उठतो आणि फर्मवेअरला विचारतो, या खुणेची खिडकी कुठं आहे? सापडली की तिथं दोनदा जातो. पहिल्यांदा रिकाम्या हातानं. खिडकी म्हणते, जागा पुरत नाही, एवढे एवढे बाइट लागतील. मग स्टब आपल्या प्रोसेसरला चालेल अशी जागा मेमरीत स्वतः धरतो, पुन्हा जातो आणि डबा घेतो. ४ जीबीची अट, ३२ जीबीची खिडकी, सुरुवात की शेवट, हे सगळं आता कर्नलच्या घरातलं प्रकरण. बूटलोडरला त्याचं सोयरसुतक नाही. फाईल डिस्कवरून आणली, नेटवर्कवरून आणली की आयत्या वेळी बांधली, हे कर्नलही विचारत नाही. खिडकी नसेलच तर स्टब जुन्या वाटेनं, हुकूमओळीतल्या नावावरून शोधतो.

इंटेल असो, एआरएम असो, रिस्क-फाइव्ह असो, मागायची रीत एकच. यू-बूट ही खिडकी उघडू शकतो, लिनक्सवरच्या सिस्टीमडी या संचाचा स्टब उघडतो, आणि ग्रब या बूटलोडरच्या डिसेंबर २०२३ च्या २.१२ आवृत्तीत यूईएफआयवरचा लिनक्स लोडर सगळ्या जातींसाठी एकत्र झाला.

यात एक मेख आहे, ती सांगितलीच पाहिजे. सिक्युअर बूट, म्हणजे चालू होतानाच सह्या तपासायची यूईएफआयची सोय, कर्नलची सही तपासतं, इनिटआरडीची नाही. ती प्रत्येक यंत्रावर वेगळी बांधली जाते, तिच्यावर सही करणार कोण? निदान खिडकीतून डबा घेताना स्टब त्याचं माप, म्हणजे मजकुराचा ठसा, टीपीएम या सुरक्षेच्या चिपच्या ९ क्रमांकाच्या रजिस्टरात नोंदवू शकतो. म्हणजे नंतर विचारता येतं, डबा मधे कुणी उघडला होता काय. दूध संस्थेला याची आज गरज नाही. भेसळ पकडायची त्यांची यंत्रं निराळी.

(संध्याकाळ. दुकानात दिवा लागलाय.)

काकांनी शेवटी असं केलं. रास्पबेरी पायवर यू-बूट बसवला. २०१६ पासून यू-बूट यूईएफआयचं सोंग व्यवस्थित वठवतो. त्याच्यावर ग्रब. मिनी पीसीवर त्याचं स्वतःचं यूईएफआय, वर तोच ग्रब. दोन्हीकडं ग्रबची फाईल जवळपास ओळीस ओळ सारखी. आठवड्याला इनिटआरडी बदलली तरी कुणाला पत्ता पाठ करायला नको.

आणि डावीकडचा डेस्कटॉप? बायोसवर ही खिडकीच नाही. तिथं ग्रब अजून ते पान भरतो, पत्ता आणि लांबी, जसं गेली कित्येक वर्षं. काकांनी त्याला हात लावला नाही. फक्त झाकणावर खडूनं ‘जुना’ लिहून ठेवलं.

(दुसरी पहाट. तेच गाव. पडदा उजळतो, प्रोग्रॅम उघडतो. पावती छापल्याचा आवाज.)

आजींची किटली काट्यावर चढते. फॅट ६.८.

आजी पावती डोळ्यांजवळ धरून बघतात. “काल वहीत ७ लिवली हुती की रं.”