पहिलं बाळंतपण, माहेरची वाट

(दृश्य: रावेरकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा)

सातव्या महिन्यात ओटी भरली की लेक बाळंतपणाला माहेरी येते. खान्देशातला हा जुना रिवाज. पण नेमक्या याच महिन्यांत प्रीएक्लॅम्पसियाचा, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या आजाराचा, धोका वाढतो, आणि हा आजार पहिलटकरणीला जास्त गाठतो. जुळं असेल, आधीपासून बीपी किंवा साखर असेल, तर आणखी जपायला हवं.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी 140/90 किंवा त्याच्या वर जातं, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनंही जाऊ लागतात. मूळ दुखणं वारेचं (प्लासेंटाचं). वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. रक्त कमी पडलेल्या वारेतून काही घटक आईच्या रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांना इजा करतात. बाळाची वाढ खुंटते. आणि सुरुवातीला बाईला यातलं काहीच जाणवत नाही!

(दृश्य: उपकेंद्र, दंडाला बीपीचा पट्टा)

म्हणून सासरच्या गावचं तपासणीचं कार्ड लेकीसोबत माहेरी यायलाच हवं. आज बीपी 130/84 भरलं, तर ठीक वाटेल. पण चौथ्या महिन्यात ते 100/60 होतं, हे कार्डच सांगतं. साड्या-बाळंतविडा आठवणीने भरतात, कार्ड मात्र कपाटात राहतं.

(दृश्य: मनगट, हिरव्या बांगड्या)

पाय तर सगळ्यांचेच सुजतात, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण दोन दिवसांत तोंड सुजलं, कालच्या सैल बांगड्या आज रुतू लागल्या, डोकं ठणकायचं थांबेना, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, तर पित्त समजून सोडा पाजत बसू नका. रात्र असली तरी 108 ला फोन लावा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून दवाखाना गाठायलाच किती वेळ जातो, तिथे तर आधीच गाडीची सोय हवी.

यापुढची पायरी झटक्यांची. ते ‘बाहेरचं’ नाही, भगताकडे न्यायची ती वेळ नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 2002 सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. जिला धोका जास्त, तिला डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात; मनाने मात्र घेऊ नये.

बाळ आणि वार बाहेर आल्यावरच आजार उतरू लागतो, तोही लगेच नाही. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. सव्वा महिन्यात बाळंतिणीचं डोकं सारखं दुखत असेल, तर जागरणाला दोष देण्याआधी तिचं बीपी मोजून घ्या.