ऑफर लेटरनंतरचं वर्ष

मित्रहो, आपल्या नागपूर जिल्ह्यात कौशल्य प्रशिक्षणाचा आढावा घेतला जातो, तेव्हा टेबलावर येणारे आकडे ठरलेले असतात. किती बॅच झाल्या, किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, किती ऑफर लेटर निघाली. हे आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही. ते फार लवकर थांबतात. पेरा किती झाला एवढंच लिहून ठेवलं आणि उतारा मोजलाच नाही, तर पुढच्या वर्षी कोणतं बियाणं घ्यायचं हे शेतकरी कशावरून ठरवेल? मला दोन गोष्टी कळायला हव्यात. शिकलेल्या पोराचं-पोरीचं वर्षभरानंतर काय झालं? आणि आपण शिकवलंच नसतं, तर काय झालं असतं?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. प्रशिक्षण संपून काही महिने झालेल्या मुलामुलींना आम्ही फोन करतो. यादीतला नंबर कधी भावाचा निघतो, कधी वडिलांचा, आणि बरेचदा बंदच असतो. उमरेड तालुक्यातल्या एका मुलीशी झालेलं बोलणं सांगतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला तिला नोकरी लागली होती. कागदावर ती ‘प्लेस्ड’ होती आणि ते खरंही होतं. ती म्हणाली, “सर, काम तं चांगलं होतं. पण सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी यायले गाडीच नव्हती. काही दिवस बाबा घ्यायले आले, मंग सोयाबीन निघालं.”

सोयाबीन काढणीला आलं, वडील शेतात अडकले आणि नोकरी सुटली. आमच्या तक्त्यात यासाठी रकानाच नव्हता. ‘नोकरी सोडली’ एवढं लिहिता येत होतं. का सोडली, हे लिहायला जागा नव्हती. असा रकाना असता आणि त्यात हेच कारण पुन्हा पुन्हा आलं असतं, तर काय करायचं ते उघड होतं. अभ्यासक्रमात हात घालायची गरज नव्हती, शिफ्ट सुटल्यावर एक बस लागत होती. कंपनीशी आणि एसटीशी त्या बसबद्दल बोलायचं, तर जिल्ह्याच्या हातात हाच तक्ता हवा.

बिहार आणि झारखंडमध्ये दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या, म्हणजे खेड्यातल्या तरुणांना शिकवून नोकरीला लावणाऱ्या सरकारी योजनेच्या, बॅचवर झालेला एक अभ्यास याच जागेवर बोट ठेवतो. नोकरी कुठे असेल, हातात पगार किती येईल, राहण्या-खाण्याचा खर्च किती, हे काही बॅचना प्रशिक्षण सुरू असतानाच नीट सांगितलं गेलं. त्या बॅचमधली मुलं काही महिन्यांनंतरही नोकरीत टिकून राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. नागपूरहून पोरांना पुण्याला किंवा तमिळनाडूला पाठवणाऱ्या प्रत्येक केंद्राला हे उद्यापासून करता येईल आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही.

आता पैशांबद्दल, कारण पैसे जसे मिळतात तसं प्रशिक्षण केंद्र वागतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्राला तीन हप्त्यांत रक्कम मिळायची: 30 टक्के प्रशिक्षण सुरू झाल्यावर, 50 टक्के प्रमाणपत्रानंतर आणि 20 टक्के नोकरी लागल्यावर. म्हणजे 80 टक्के रक्कम नोकरीआधीच हातात. चौथ्या टप्प्यात भर प्लेसमेंटवरून उमेदवाराने स्वतःची वाट निवडण्यावर गेला. वाट त्याने निवडावीच. पण ती कुठे गेली हे आपण बघायचं सोडलं, तर ते मला मान्य नाही. उलट सगळे पैसे नोकरीवर टांगले, तर केंद्रं आधीच हुशार, बोलकी, शहरातली पोरं निवडून घेतात. अमेरिकेत 1982 च्या रोजगार प्रशिक्षण कायद्यानंतर नेमकी हीच तक्रार झाली. कुही-भिवापूरच्या दहावी नापास मुलाला घेणाऱ्या केंद्राला त्यासाठी वेगळं श्रेय मिळालं पाहिजे.

दुसरा प्रश्न अवघड आहे. प्रशिक्षणाआधी कमाई शून्य आणि नंतर दहा हजार, म्हणजे दहा हजारांचा फायदा, असा हिशोब आपण सर्रास करतो. पण माणूस प्रशिक्षणाला येतो तोच मुळी हातचं काम गेल्यावर. त्यातल्या अनेकांना काही महिन्यांत दुसरं काम मिळणारच होतं. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी 1978 मध्ये प्रशिक्षणाआधीची कमाईतली ही घसरण दाखवून दिली. डेव्हिड मॅकेन्झी यांनी 2017 मध्ये विकसनशील देशांतले अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा असं दिसलं की प्रशिक्षण दिलेल्या शंभरातल्या साधारण दोन-तीन जणांनाच अशी नोकरी मिळते, जी एरवी मिळाली नसती. ऐकून वाईट वाटतं. पण ही सरासरी आहे; काही कार्यक्रम तिच्या कितीतरी वर आहेत आणि ते कोणते, हे शोधायचं आहे.

शोधायचं कसं? कोलंबियात 2005 मध्ये तरुणांच्या एका प्रशिक्षण कार्यक्रमाला जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तेव्हा निवडलेल्या उमेदवारांमधून सोडत काढली गेली. सोडतीत नाव आलेले आणि न आलेले यांची पुढची कमाई ताडून पाहिली. मुलींच्या कमाईत साधारण 20 टक्के वाढ दिसली, मुलांच्या बाबतीत ठोस फरक दिसला नाही. आपल्याकडे आरटीईचे प्रवेश सोडतीने होतात, म्हाडाची घरं सोडतीने मिळतात. ज्या ट्रेडला अर्जांची झुंबड उडते, तिथे ‘साहेबांची चिठ्ठी’ चालण्यापेक्षा सोडत न्याय्यच आहे, आणि तुलनेसाठी गट आपोआप हाती येतो. मात्र नाव न आलेल्यालाही फोन करायचा आणि पुढच्या बॅचला त्याला आधी घ्यायचं.

उमेदवाराची लेखी संमती घेऊन पीएफच्या यूएएन नंबरवरून नोकरी टिकली का, हे बघता येईल. पण पीएफ साधारणपणे वीस किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो. कामठी रोडवर स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलेला पोरगा त्यात दिसणार नाही, घरी ब्लाउज शिवणारी बाई दिसणार नाही. त्यांना शेवटी फोनच करावा लागतो.

जून-जुलैत नवे प्रवेश सुरू होतील. प्रत्येक अर्जावर घरातल्या आणखी दोघांचे नंबर घ्या. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात फोन करायला, केंद्राच्या पगारावर नसलेली दोन माणसं जिल्ह्याने नेमावीत. आणि फोन लागला नाही, तर ते नाव यादीतून काढू नका. ‘संपर्क नाही’ असं लिहा आणि किती जणांपुढे असं लिहिलं गेलं, तेही आढाव्यात सांगा.