काढले तरी न निघणारे सॉफ्टवेअर

श्रोतेहो, नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी माझ्या एका वयोवृद्ध परिचितांनी मला त्यांचा संगणक पाहायला बोलावले. ब्राउझर उघडला की नेहमीच्या पानाऐवजी एक अनोळखी सर्च इंजिन येई, बातमी वाचताना मजकुरातले साधे शब्द अधोरेखित होऊन त्यांतून जाहिराती उघडत, आणि संगणकात शेकडो दोष आहेत, पैसे भरा म्हणजे ते दूर होतील, अशी सूचना कोपऱ्यात सारखी झळके. त्यांनी हे अनेक आठवडे सोसले होते आणि कुणाला सांगितले नव्हते, कारण आपल्याच हातून काहीतरी भलते दाबले गेले, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यांच्या हातून काहीतरी दाबले गेले होते हे खरे. पण ते दाबले जावे अशीच त्या पडद्याची मांडणी होती, आणि आज मला त्या मांडणीविषयी बोलायचे आहे.

अ‍ॅडवेअर, म्हणजे जाहिराती दाखवून पैसे मिळवण्यासाठी संगणकात ठाण मांडणारे सॉफ्टवेअर, बहुधा एकटे येत नाही. आपल्याला व्हिडिओ पाहण्याचा एखादा फुकट प्रोग्राम हवा असतो. तो शोधताना सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा मूळ कर्त्याचा नसून डाउनलोडच्या एखाद्या मध्यस्थाचा असतो. हा मध्यस्थ मूळ प्रोग्रामला स्वतःच्या इन्स्टॉलरचे वेष्टन चढवतो. त्यात ‘शिफारस केलेली पद्धत’ आधीच निवडलेली असते, तर ‘कस्टम’ हा शब्द फिकट अक्षरांत बाजूला असतो. तो निवडला तरच कळते की एक टूलबार, एक सर्च इंजिन आणि कूपन शोधून देणारे एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडले जाणारे छोटे सॉफ्टवेअर, यांच्यापुढे आपल्या वतीने आधीच खुणा केलेल्या आहेत. अशा प्रत्येक यशस्वी इन्स्टॉलमागे वाटणाऱ्याला दलाली मिळते, म्हणून खुणा आधीच केलेल्या असतात. नावाजलेली ठिकाणेही या मोहातून सुटली नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरचे माहेर मानल्या गेलेल्या सोर्सफोर्जने २०१३ साली असे वेष्टन सुरू केले, २०१५ साली गिम्प या चित्रसंपादकाच्या इन्स्टॉलरवरून त्याबद्दल मोठा रोष झाला, आणि २०१६ साली मालकी बदलल्यावर तो प्रकार बंद झाला.

‘पुढे’ हे बटण वापरणाऱ्याने स्वतः दाबले, एवढ्या आधारावर अ‍ॅडवेअरचे कर्ते संमती मिळाल्याचा दावा करतात. म्हणूनच अँटिव्हायरस कंपन्यांनी त्याला व्हायरस न म्हणता ‘संभाव्य नकोसा प्रोग्राम’ असे जपून नाव दिले. तेवढ्यानेही वाद थांबला नाही. झँगो या जाहिरात कंपनीने आपले सॉफ्टवेअर अडवल्याबद्दल कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीवर दावा लावला होता. २००९ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी, २००६ साली, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या समझोत्यात झँगोला ३० लाख डॉलर भरणे मान्य करावे लागले होते. हे सॉफ्टवेअर काढणे मुद्दाम अवघड करून ठेवले होते, हाही त्या प्रकरणातला आक्षेप होता. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला खरोखर संमती मिळाली आहे, त्याला दाराला आतून कडी लावून बसावे लागत नाही.

ही कडी कशी लावली जाते ते पाहू. पुष्कळदा दोन प्रक्रिया, म्हणजे पडद्यामागे चालू असलेले प्रोग्राम, एकमेकींवर पहारा देतात. एक बंद केली की दुसरी तिला पुन्हा उभी करते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप सुरू करणाऱ्या सोयीत, एक काम नोंदलेले असते, जे काही तासांनी किंवा प्रत्येक लॉगिनला काढलेले सारे परत बसवते. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये, मूळ पत्त्याच्या शेवटी, जाहिरातदाराचा पत्ता चिकटवलेला असतो, त्यामुळे सेटिंग कितीदाही बदलले तरी तेच पान उघडते. कधी क्रोममध्ये कंपन्यांसाठी असलेल्या धोरणांचा गैरवापर होतो. मग घरच्या संगणकावरही ‘आपल्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असे दिसते आणि एक्स्टेंशन काढण्याचे बटणच चालत नाही. संगणक स्वच्छ झाल्यावर ब्राउझरच्या खात्यातील सिंकमधून, म्हणजे सेटिंगे खात्यात साठवून परत आणणाऱ्या सोयीतून, तेच एक्स्टेंशन परत यावे, हा अनुभव तर फार निराश करणारा असतो.

काही वेळा मूळ प्रोग्राम निघूनही त्याने केलेला बदल मागे राहतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाले की लेनोवोच्या अनेक लॅपटॉपवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाचे अ‍ॅडवेअर घातलेले होते. सुरक्षित जोडणीच्या पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे कोणती साइट खरी मानायची हे संगणकाला सांगणारा दाखला, विंडोजमध्ये बसवले होते, आणि त्याची गुप्त किल्ली सर्व लॅपटॉपवर एकच होती. ती किल्ली मिळवणाऱ्याला बँकेची खोटी साइटही खरी भासवता आली असती. प्रोग्राम काढला तरी प्रमाणपत्र तसेच राहत असे. ते वेगळे शोधून काढावे लागले.

आता काढण्याच्या क्रमाविषयी. त्रास देणाऱ्या प्रोग्रामचे नाव घालून ‘कसे काढावे’ असे लगेच शोधू नये, कारण वर येणाऱ्या निकालांत सफाईच्या नावाखाली आणखी एक नकोसे सॉफ्टवेअर विकणारे पुष्कळ असतात. आधी इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामची यादी तारखेनुसार लावावी; त्रास सुरू झाला त्याच दिवशी आलेली तीन-चार अनोळखी नावे बहुधा एकत्र सापडतात. ती काढताना उलटसुलट प्रश्न विचारले जातात, ‘ठेवा’ आणि ‘काढा’ यांच्या बटणांची जागा बदललेली असते, म्हणून प्रत्येक वाक्य सावकाश वाचावे. जे हटत नाही ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या भागांसह सुरू करून, काढून पाहावे, कारण तिथे पहारा देणाऱ्या प्रक्रिया सहसा सुरूच होत नाहीत. टास्क शेड्युलरमधली नोंद आधी आणि ब्राउझरचे एक्स्टेंशन नंतर, हा क्रम पाळला नाही तर केलेले काम वाया जाते. मग सिंक बंद करून ब्राउझर रीसेट करावा, शॉर्टकट नव्याने करावा, प्रॉक्सीचे, म्हणजे इंटरनेटची जोडणी दुसऱ्या संगणकामार्फत वळवणारे, सेटिंग आणि सूचना पाठवायची परवानगी मिळालेल्या साइटची यादी पाहावी. पुष्कळदा जाहिराती केवळ त्या परवानगीमुळेच येत असतात. शेवटी अ‍ॅडव्‌क्लीनरसारखे अ‍ॅडवेअर शोधून काढणारे फुकट साधन मूळ कर्त्याच्या साइटवरूनच घेऊन चालवावे. एवढे करूनही लक्षणे परतली, तर स्वतःच्या फायली बाजूला काढून विंडोज नव्याने बसवणे हाच कमी कष्टाचा मार्ग आहे. जुने डाउनलोड केलेले इन्स्टॉलर मात्र त्या फायलींबरोबर परत आणू नयेत.

आणि दुसऱ्या कुणाचा संगणक आपल्यापुढे आला, तर ‘तुम्ही काय दाबले?’ असे विचारू नये. माझ्या परिचितांना मी ‘हे कोणत्या दिवसापासून सुरू झाले?’ असे विचारले. त्यांना तो दिवस नेमका आठवत होता, कारण त्याच दिवशी त्यांनी नातवाचे छायाचित्र लहान करण्यासाठी एक प्रोग्राम घेतला होता. आणि यादीत त्याच तारखेला, त्याच्या शेजारी, आणखी चार नावे होती.

नमस्कार.