दुसऱ्या पसंतीचं शहर

नमस्कार श्रोतेहो.

6 जुलै 2005. पॅरिसच्या महापालिकेसमोरच्या चौकात माणसं पावसात दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यांच्या नजरा मोठ्या पडद्यावर, आणि पडद्यावर सिंगापूरचं एक सभागृह. 2012 चं ऑलिम्पिक कुठं भरणार, ते तिथं ठरत होतं. पॅरिसचं पारडं जड आहे असं जवळजवळ सगळेच म्हणत होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष जाक रोग यांनी लिफाफा उघडला आणि नाव वाचलं, लंडन. मतं 54 विरुद्ध 50. दोन सदस्यांनी मत फिरवलं असतं, तर बरोबरी झाली असती.

मी शाळेत मुलांना खेळ शिकवत आले. मैदानावरची हारजीत मुलांना समजावून सांगता येते. कोण जास्त धावलं, कुणाचा पाय रेषेवर पडला, ते सगळ्यांना दिसतं. यजमान शहराची हारजीत मात्र दिसत नाही. म्हणून ती कशी होते ते आज तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आपल्याकडे साहित्य संमेलनाचं ठिकाण कसं ठरतं, आठवून पाहा. गावोगावच्या संस्था महामंडळाकडे निमंत्रणं धाडतात, स्थळ निवड समिती पाहणीला जाते, आणि मग निर्णय होतो. ऑलिम्पिकचा जुना सांगाडा साधारण असाच होता. शहरानं जाडजूड प्रस्ताव द्यायचा, त्यात स्टेडियम, खेळाडूंची राहण्याची सोय, रस्ते, हॉटेलं, सरकारची हमी. पाहणी समिती येऊन जायची, अहवाल लिहायची, आणि स्पर्धेच्या साधारण सात वर्षं आधी समितीचे शंभरेक सदस्य गुप्त मतदान करायचे. हे सदस्य आपापल्या देशाचे प्रतिनिधी नसतात. नियम उलटा आहे : ते त्यांच्या देशात ऑलिम्पिक समितीचे प्रतिनिधी असतात. त्यात माजी खेळाडू आहेत, क्रीडा संघटनांचे पदाधिकारी आहेत, राजघराण्यातली माणसंही आहेत. त्यांना निवडून देण्यात तुमचा-माझा काही वाटा नाही.

आता त्या मतदानाची रीत सांगते, कारण सगळी गोम तिथं आहे. सिंगापूरला पाच शहरं होती. पहिल्या फेरीत लंडनला 22 मतं, पॅरिसला 21, माद्रिदला 20, न्यूयॉर्कला 19 आणि मॉस्कोला 15. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, म्हणून तळाचं मॉस्को बाद झालं आणि पुन्हा मतदान. दुसऱ्या फेरीत माद्रिद एकदम पुढं, 32 मतं! लंडन 27, पॅरिस 25. न्यूयॉर्क बाद. तिसऱ्या फेरीत लंडन 39, पॅरिस 33, आणि एका फेरीपूर्वी सर्वांत पुढं असलेलं माद्रिद 31 मतांवर बाद. मग शेवटची फेरी, 54 आणि 50.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. ज्या देशाचं शहर रिंगणात आहे, त्या देशाच्या सदस्यांना मत देता येत नाही. शहर बाद झालं की ते मतदार होतात. म्हणून पहिल्या फेरीत 97 मतं पडली आणि शेवटच्या फेरीत 104. म्हणजे नुकतेच हरलेले लोक पुढच्या फेरीत इतरांचं भवितव्य ठरवायला बसतात.

अशा मतदानात सगळ्यांत लाडकं शहर जिंकेलच असं नाही. जिंकतं ते शहर, जे बऱ्याच जणांच्या मनात दुसऱ्या क्रमांकावर असतं. आपलं शहर पडलं तर मग कोण? या प्रश्नाला ज्याचं नाव सर्वाधिक ओठांवर येईल, ते शहर. हे ज्याला कळलं, तो सभागृहातल्या भाषणापेक्षा हॉटेलच्या लॉबीत जास्त वेळ घालवतो. लंडनच्या बाजूनं सेबॅस्टियन को हे जुने धावपटू होते. त्यांनी पूर्व लंडनमधली तीस शाळकरी मुलं सिंगापूरला नेली होती, आणि सभागृहात त्या मुलांचा फार परिणाम झाला. पण त्याच दिवसांत पंतप्रधान टोनी ब्लेअर सिंगापूरला येऊन एकेका सदस्याला भेटत होते, तेही तितकंच खरं.

याच्या बारा वर्षं आधीची गोष्ट. 23 सप्टेंबर 1993, मोंटे कार्लो. 2000 सालच्या ऑलिम्पिकसाठी पहिल्या तिन्ही फेऱ्यांत बीजिंग आघाडीवर होतं. तिसऱ्या फेरीत बीजिंगला 40, सिडनीला 37 आणि मँचेस्टरला 11. मँचेस्टर बाद झालं. त्या अकरांपैकी बहुतेक मतं सिडनीकडे वळली आणि निकाल लागला 45 विरुद्ध 43. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती. सिडनीत पहाटेचे साडेचार वाजत होते, आणि बंदराच्या काठी रात्रभर जागलेली माणसं आनंदानं ओरडत होती.

1999 च्या जानेवारीत त्या रात्रीचं दुसरं पान उघडलं. ऑस्ट्रेलियाच्या ऑलिम्पिक समितीचे प्रमुख जॉन कोट्स यांनी सांगितलं, की मतदानाच्या आदल्या रात्री त्यांनी केनिया आणि युगांडा या देशांच्या ऑलिम्पिक समित्यांना प्रत्येकी 35 हजार डॉलर देऊ केले होते. खेळाडूंच्या मदतीसाठी, असं त्यांचं म्हणणं. ते नियमात बसत होतं असाच निर्वाळा पुढं मिळाला. पण बीजिंग दोन मतांनी हरलं होतं, आणि हे देशही दोनच. हे नाव लक्षात ठेवा, जॉन कोट्स. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

ही कबुली तेव्हाच का आली? कारण अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचं प्रकरण नुकतंच फुटलं होतं. हे शहर 1998 च्या हिवाळी स्पर्धेसाठी जपानच्या नागानोकडून 46 विरुद्ध 42 असं हरलं होतं. पुढच्या खेपेला, 1995 मध्ये, त्यांनी पहिल्याच फेरीत बाजी मारली. 1998 च्या अखेरीस बाहेर आलं, की मधल्या काळात सदस्यांच्या मुलांच्या शिक्षणाची फी, नातेवाइकांच्या नोकऱ्या, औषधोपचार, सहली असं बरंच काही पुरवलं गेलं होतं. दहा सदस्यांना जावं लागलं, काहींनी राजीनामे दिले, काहींना काढलं. नागानोच्या हिशेबाच्या वह्या पाहू म्हटलं, तर त्या आधीच जाळून टाकलेल्या. मला त्या जळालेल्या वह्यांचं सगळ्यांत वाईट वाटतं. लाच घेणाऱ्याचं नाव कधीतरी कळतं, पण गावाच्या पैशाचा हिशेबच राखेत गेला तर विचारणार कुणाला?

यानंतर सदस्यांनी उमेदवार शहरांना भेटी द्यायला बंदी झाली. पण तोवर शहरांतल्या लोकांनी स्वतःच हिशेब मांडायला सुरुवात केली होती. त्यांच्यासमोर माँट्रियल होतं. तिथले महापौर जाँ द्रापो म्हणाले होते, पुरुषाला जसं मूल होऊ शकत नाही, तशी ऑलिम्पिकला तूट येऊ शकत नाही. 1976 च्या त्या ऑलिम्पिकचं कर्ज फिटलं 2006 मध्ये. ज्या मुलानं बापाच्या खांद्यावर बसून उद्घाटन पाहिलं असेल, तो स्वतः बाप होऊन ते फेडत राहिला.

डेन्व्हरनं तर 1976 ची हिवाळी स्पर्धा मिळाल्यावर परत केली. 1972 मध्ये कोलोराडोच्या मतदारांनी त्यासाठी पैसे द्यायला नकार दिला. अलीकडच्या काळात हे वारंवार घडू लागलं. 2015 च्या नोव्हेंबरात हँबर्गमध्ये सार्वमत झालं, 51.6 टक्के लोक नको म्हणाले. बोस्टननं माघार घेतली, कारण तूट आली तर शहर भरेल या हमीवर सही करायला महापौर तयार नव्हते. बुडापेस्टमध्ये तरुणांनी सार्वमताच्या मागणीसाठी अडीच लाखांवर सह्या जमवल्या, आणि शहरानं अर्जच मागं घेतला. 2022 च्या हिवाळी स्पर्धेसाठी एकेक शहर गळत शेवटी बीजिंग आणि अल्माटी दोनच उरली. 2024 साठीही पॅरिस आणि लॉस एंजेलिस एवढीच, म्हणून 2017 मध्ये लिमात एकाला 2024 आणि दुसऱ्याला 2028 देऊन टाकलं. मंगल कार्यालय सजलेलं, आणि वऱ्हाडच येईना, अशी अवस्था.

म्हणून 2019 मध्ये रीत बदलली. आता ठरावीक वर्षी अर्ज मागवणं नाही, फेऱ्यांचं मतदान नाही. एक आयोग इच्छुक शहरांशी सतत बोलत राहतो, त्यातलं एक पसंत पडलं की त्याच्याशी सविस्तर चर्चा करतो, आणि सभेपुढं बहुतेक एकच नाव येतं, हो की नाही एवढंच विचारायला. हा बदल सुचवणाऱ्या गटाचे प्रमुख जॉन कोट्स होते, आणि या रीतीनं निवडलं गेलेलं पहिलं उन्हाळी ऑलिम्पिक शहर ऑस्ट्रेलियाचं ब्रिस्बेन. जुलै 2021 मध्ये टोकियोच्या सभेत ब्रिस्बेनला 72 विरुद्ध 5 मतांनी 2032 ची स्पर्धा मिळाली. कोट्स यांनी स्वतः त्या निवडीत भाग घेतला नव्हता, हे सांगायलाच हवं.

नव्या रीतीचं एक मला मनापासून पटतं. हरणाऱ्या चार शहरांचे प्रचारावर खर्च होणारे पैसे वाचतात. शिवाय आहे तीच मैदानं वापरा, गरज पडली तर दुसऱ्या शहरातली वापरा, असं आता सांगितलं जातं. पण फेऱ्यांच्या मतदानात निदान आकडे तरी दिसायचे. कुठल्या फेरीत कोण घसरलं, हे पाहून प्रश्न विचारता यायचे. आता निवड आधीच्या बोलण्यांत होते, आणि ती बोलणी आपल्या कानावर पडत नाहीत. ब्रिस्बेनमध्येच पाहा. यजमानपद मिळून चार वर्षं होत आली, तेव्हा मार्च 2025 मध्ये ठरलं, की व्हिक्टोरिया पार्क या मोठ्या बागेत 63 हजार प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधायचं. त्या बागेत रोज फिरणाऱ्यांना हे कळलं, तेव्हा यजमानपद कधीच मिळून गेलेलं होतं.

हे सगळं आता आपल्याही दारात आलं आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ऑलिम्पिक समितीची सभा मुंबईत भरली. क्रिकेट लॉस एंजेलिसला खेळलं जाणार हे तिथं ठरलं आणि 2036 च्या ऑलिम्पिकसाठी भारत प्रयत्न करणार, हेही पंतप्रधानांनी तिथंच जाहीर केलं. वर्षभरानं तसं पत्र गेलं. 26 नोव्हेंबर 2025 ला ग्लासगोमध्ये 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. 1930 साली कॅनडातल्या हॅमिल्टनला सुरू झालेल्या या स्पर्धांची ती शताब्दी असेल. याच हॅमिल्टनला हरवून दिल्लीनं 2010 ची स्पर्धा मिळवली होती, 2003 मध्ये जमैकात, 46 विरुद्ध 22 मतांनी. तेव्हा भारतानं प्रत्येक सहभागी देशाला खेळाडूंच्या तयारीसाठी एक लाख डॉलर देऊ केले होते. नंतर दिल्लीत काय काय झालं, किती चौकश्या झाल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे.

स्पर्धा भारतात यावी, असं मला फार वाटतं. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचं क्रीडासंकुल उभं राहिलं. चौदा वर्षांनी राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथंच झाल्या. तिथल्या धावपट्टीवर पहिल्यांदा पाय ठेवणारी मुलं मी पाहिली आहेत. काही बूट काढून अनवाणी चालली, कारण एवढी मऊ जमीन त्यांनी कधी पाहिली नव्हती. अशी मैदानं अजून हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ग्लासगोच्या त्या सभेच्या बरोबर एक महिना आधी, 26 ऑक्टोबर 2025 ला म्युनिकमध्ये मतदान झालं. आपल्या शहरानं ऑलिम्पिकसाठी उभं राहावं का, एवढाच प्रश्न होता. 1972 ची मैदानं तिथं अजून वापरात आहेत, खर्चावर महिनोन्महिने वाद झडला होता, आणि 66 टक्क्यांवर लोकांनी हो म्हटलं. कुठलीही आंतरराष्ट्रीय समिती म्युनिककडे वळण्याआधी म्युनिकनं म्युनिकला विचारलं. मोटेऱ्याला, साबरमतीच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांच्या हाती अशी मतपत्रिका अजून पडलेली नाही. 2036 चा निर्णय व्हायचा आहे, त्यामुळे ती छापायला वेळ आहे.

नमस्कार.