तक्रार बंद कोणी करायची?

[दृश्य : पावसाळी सकाळ. नाशिकचा गोदाघाट, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती.]

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की नाशिककर आधी विचारतो, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्याला, कमरेला, की छातीला? क्युसेकचा हिशेब सगळ्यांना जमतोच असं नाही. पण पाणी छातीला लागलं म्हणजे माल कधी हलवायचा, हे सराफ बाजारातल्या दुकानदाराला बरोबर कळतं. खूण एकच आणि सगळ्यांना दिसणारी, म्हणून तिच्यावरून वाद होत नाही.

ॲपवर नोंदवलेल्या रस्त्यातल्या खड्ड्याच्या तक्रारीलाही अशीच खूण लागते.

[दृश्य : तिवंध्याजवळचा बोळ. हातात मोबाइल.]

मोकळ्या मैदानात मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत पडतो. म्हणून नकाशा उघडून अर्धा मिनिट थांबा. निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ लहान झालं, की मगच नोंद करा, आणि तीही जागेवरच. घरी येऊन नोंदवली, तर ठिपका घरावर पडतो.

फोटो दोन हवेत. एक जवळून, खड्ड्यात फूटपट्टी उभी धरून. पाणी साचलेलं असेल तर खोली दिसायला दुसरा उपाय नाही. दुसरा लांबून, दुकानाची पाटी किंवा खांबाचा नंबर येईल असा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला, तर त्यातली जागेची नोंद गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते, अर्थात कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तरच.

आता खरी अडचण. चेंबरचं झाकण खचून पडलेला खड्डा आपण 'रस्ते' या प्रकारात टाकतो. तक्रार जाते बांधकामकडे, काम असतं भुयारी गटारीचं. नळजोडणीसाठी खोदलेल्या चराचंही तेच. अशी तक्रार त्याच नंबरानं योग्य टेबलावर सरकली पाहिजे. 'आमच्याकडे येत नाही' असा शेरा मारून ती बंद झाली, तर नागरिकाला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. आकडेवारीत मात्र एक तक्रार निकाली निघालेली असते. यानं माणसाचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवणं फार कठीण असतं.

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर नकाशा, त्यावर ठिपके.]

ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेनं २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट हे रस्त्यांच्या तक्रारी नोंदवण्याचं संकेतस्थळ सुरू केलं. नवी तक्रार टाकण्याआधीच आसपासच्या जुन्या तक्रारी नकाशावर दिसतात, त्यामुळे एकाच खड्ड्यासाठी दहा नंबर पडत नाहीत. आणि चार आठवड्यांनी तक्रारदारालाच विचारलं जातं : काम झालं का?

तिथल्या नोंदींचा अभ्यास झाला आहे. ज्याची पहिली तक्रार सुटली, त्यानं दुसरी नोंदवण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. नव्या ॲपवर खर्च करणाऱ्या प्रत्येक शहरानं हा आकडा समोर ठेवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

[दृश्य : विभागीय कार्यालयातली नोंदवही.]

नाशिक महापालिकेचे विभाग सहा. स्मार्टफोन नसलेली आजी विभागीय कार्यालयात येऊन तोंडी सांगते, तेव्हा तिच्या तक्रारीलाही ॲपच्याच क्रमातला नंबर मिळायला हवा. कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. तिथे 'निकाली' तक्रारींची यादी छापून आणायची, एकेक नंबर मोठ्यानं वाचायचा. त्या गल्लीतल्या माणसानं "झालंय" म्हटलं तर पुढचा नंबर. "नाही" म्हटलं, तर तक्रार तिथल्या तिथे, त्याच नंबरानं पुन्हा उघडायची.