श्वासातले औषध आणि लोहचुंबक

श्रोतेहो, नमस्कार. दम्याचे रुग्ण ज्याला साध्या भाषेत ‘पंप’ म्हणतात, त्या इन्हेलरमधून निघालेल्या औषधाचा मोठा भाग घशातच चिकटून राहतो. स्टिरॉइडचा पंप ओढल्यावर गुळण्या करा, असे डॉक्टर बजावतात ते त्यामुळेच. साधारण १ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व्यासाचे तुषारच खोलवर पोहोचतात आणि, श्वासनलिकेला तेवीसएक वेळा फाटे फुटत असल्याने, हवा नेईल तिकडे दोन्ही फुफ्फुसांत विखुरतात. दम्यात हे चालते. परंतु कर्करोगाची गाठ फुफ्फुसाच्या एकाच भागात असेल आणि औषध निरोगी पेशींनाही मारक असेल, तर असे विखुरणे परवडत नाही.

लहानपणी वाळूत लोहचुंबक फिरवून आपण काळे कण गोळा करत असू. तीच युक्ती येथे करावी, म्हणजे औषधाच्या तुषारात लोहाचे कण मिसळून बाहेरच्या चुंबकाने ते गाठीकडे ओढावे, तर अडचण अशी की, लोह ऑक्साइडचा एकटा नॅनोकण इतका सूक्ष्म असतो की त्याच्यावरील चुंबकाची ओढ हवेच्या प्रवाहापुढे टिकत नाही. म्युनिकमधील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे पुष्कळ कण एकाच तुषारात भरले, म्हणजे सर्वांची ओढ एकवटली, आणि उंदरांमध्ये चुंबकाच्या दिशेने तुषार वळवून दाखवले. हे कण चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकत्व धरतात. तो दूर होताच ते सोडून देतात, त्यामुळे एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होत नाहीत. मला या प्रयोगातली खरी हुशारी औषधापेक्षा या बांधणीत दिसते.

मग एमआरआयच्या यंत्रात रुग्णाला झोपवून काम भागणार नाही का? नाही. त्या यंत्राचे मुख्य चुंबकीय क्षेत्र प्रबळ असले तरी मध्यभागी सर्वत्र सारखेच असते, आणि सारखे क्षेत्र कणाला फिरवते, ओढत नाही. ओढण्यासाठी क्षेत्राची तीव्रता जागोजागी बदलावी लागते. ती तशी बदलते चुंबकाच्या टोकाजवळ, आणि टोकापासून दूर गेले की ओढ झपाट्याने घटते. उंदराची छाती बोटभर जाडीची. माणसाची गाठ मात्र त्वचेपासून कित्येक सेंटिमीटर आत असू शकते. म्हणून हा उपाय माणसांपर्यंत आलाच, तर छातीच्या भिंतीलगतच्या गाठींसाठी आधी येईल, असे माझे मत आहे.