आंब्याच्या मुळांशी

गोराईच्या वाडीतला हा आंबा. येणाऱ्याची नजर आधी मोहोराकडे जाते, मग कैऱ्यांकडे. मातीकडे ती सहसा वळत नाही. पावसाळ्यात मात्र खोडापासून दूर, फांद्यांच्या सावलीच्या कडेला वीतभर माती अलगद उकरली, की ही बारीक मुळे हाती लागतात. पाणी आणि क्षार मुख्यतः हीच शोषून घेतात, आणि त्यांच्या आत एक बुरशी वस्तीला असते.

ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मुळे स्वच्छ धुऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करतात, त्यांचा तपकिरी रंग उतरला की सौम्य आम्लातून काढतात आणि मग ट्रिपॅन ब्लू या निळ्या रंगात ठेवतात. या कामात घाई केलेली चालत नाही, कारण नीट न उतरलेल्या मुळात पुढे काहीच ओळखू येत नाही. आता सूक्ष्मदर्शकातून पाहा. पेशींच्या रांगांमधून निळे तंतू गेले आहेत, आणि काही पेशींत शिरून ते इवल्या झुडपासारखे फुटले आहेत. असे झुडूप जेमतेम काही दिवस टिकते. ते विरते आणि शेजारी नवे उभे राहते. देवघेव होते ती इथेच. झाड पानांत तयार झालेली साखर आणि स्निग्ध पदार्थ देते. बुरशी स्फुरद आणि जस्त आणून देते. स्फुरद मातीत जागचे फारसे हलत नाही, त्यामुळे मुळाभोवतीचा साठा संपला की मूळ अडते. तंतू मात्र त्याच्या कितीतरी पुढे पोहोचलेले असतात.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 साली बुरशी आणि मूळ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून या सहवासाला मायकोरायझा हे नाव रूढ केले. त्यांचा अभ्यास वनवृक्षांच्या मुळांना बाहेरून वेढणाऱ्या बुरशीचा होता. आंबा, चिकू, पेरू यांच्या पेशींत शिरणारी बुरशी निराळी, आणि फार जुनी. स्कॉटलंडमधील रायनी येथे सापडलेल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत अशीच झुडपे आहेत, आणि त्या वनस्पतींना तर खरी मुळेही नव्हती.

खाडी ओलांडून बोरिवलीत आले, की खोडाला भिडलेले काँक्रीट दिसते. त्याखाली पाणी आणि हवा पोहोचत नाही. वाडीतही स्फुरदखताचा मारा वाढला, तर झाड बुरशीला थारा देईनासे होते.

उकरलेली माती पुन्हा जागेवर लोटली आहे, वर पालापाचोळा पसरला आहे.